टॉवर बसला म्हणून जमीन जात नाही

शिवारात उच्चदाब वाहिनीची मोजणी सुरू झाली, खुणेचे दगड रोवले गेले, की पाटण असो वा पलूस, पहिलं वाक्य ठरलेलं : "जमीन गेली. आता सात-बाऱ्यावर कंपनीचं नाव लागणार." हे साफ खोटं आहे. तरीही ते इतक्या ठामपणे सांगितलं जातं की त्या भीतीपोटी शेतकरी आपल्या हक्काच्या पैशांकडे बघतच नाही.

वाहिनीसाठी जमीन संपादित होत नाही. वीज कायदा, २००३ च्या कलम १६४ नुसार पारेषण कंपनीला १८८५ च्या तार कायद्यातले अधिकार देता येतात. त्या कायद्याचं कलम १० म्हणतं की मिळतो तो फक्त वापराचा हक्क, मालकी नव्हे. शिवाय नुकसान कमीत कमी करायचं आणि जे होईल त्याची पूर्ण भरपाई द्यायची. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने जुना तार कायदा रद्द केला, पण वीजवाहिन्यांपुरता हा भाग कायम ठेवला. म्हणजे सात-बारा तुमचाच, वारसाहक्क तुमचा, विक्रीही तुम्हीच करणार.

गोंधळ होतो तो उपकेंद्रामुळे. उपकेंद्राची जागा मात्र खरोखरच मालकीने घेतली जाते, कारण तिथे रोहित्रं, नियंत्रण कक्ष, कुंपण असं कायमचं बांधकाम असतं. तो अनुभव लोक टॉवरला लावतात.

दुसरी समजूत याहून महागात पडते : "टॉवर शेजारच्या रानात आहे, आपल्यावरून नुसत्या तारा गेल्यात, आपल्याला काय मिळणार?" हिशेब करून बघा. २२० केव्ही वाहिनीचा पट्टा ३५ मीटर रुंद धरतात. तारा तुमच्या शेतावरून १०० मीटर गेल्या, तर ३,५०० चौरस मीटर म्हणजे जवळपास ३५ गुंठे पट्ट्यात येतात. टॉवरच्या चार पायांची जागा साधारण गुंठाभर. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत टॉवरच्या जागेसाठी जमीनमूल्याच्या ८५ टक्के आणि पट्ट्यासाठी जास्तीत जास्त १५ टक्के मोबदला होता. जून २०२४ मध्ये तो २०० टक्के आणि ३० टक्के झाला. या नव्या दराने गुंठाभर टॉवरचे दोन गुंठ्यांच्या किमतीइतके पैसे होतात, तर तारांखालच्या ३५ गुंठ्यांचे साडेदहा गुंठ्यांच्या किमतीइतके. पीक आणि झाडांची भरपाई वेगळीच. टॉवरच्या गुंठ्यावरून वर्षभर भांडायचं आणि पट्ट्याची मोजणीच मागायची नाही, हे बघून जीव तुटतो. आणि "तारांखालचं काही मिळत नसतं" असं शेतकऱ्याला सांगून जो कोणी घाईने सह्या घेतो, तो त्याची उघड फसवणूक करतो.

याचा अर्थ शेत होतं तसंच राहतं, असाही नाही. पट्ट्यात घर बांधता येत नाही, नारळासारखी उंच झाडं ठेवता येत नाहीत. ऊस चालतो, पण तारांखाली पाचट पेटवू नये. धूर आणि ज्वाळांमुळे तारांमधली हवा वीजवाहक होऊन वाहिनी बंद पडते आणि खाली उभ्या माणसाच्या जिवावर बेतू शकतं. तासगाव-मिरजेकडच्या द्राक्षबागांत मांडवाच्या लोखंडी तारांमध्ये प्रवर्तनाने वीज येते. त्यांना अर्थिंग करून घ्या. बागेच्या या मर्यादा भरपाईच्या अर्जात आवर्जून लिहा.

"आमच्या सहीशिवाय टॉवर उभाच राहत नाही," हेही चुकीचं. कलम १६४ चा आदेश असेल तर पूर्वसंमती लागत नाही. पॉवरग्रिड विरुद्ध सेंच्युरी टेक्सटाइल्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये हेच सांगितलं. विरोध झाला तर जिल्हादंडाधिकारी आदेश देऊ शकतात, पण रक्कम अपुरी वाटली तर जिल्हा न्यायाधीशांकडे दाद मागता येते.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. ४०० केव्ही वाहिनीखाली ट्यूब हातात धरली की मंद उजळते, ती विद्युतक्षेत्रामुळे. तारेतून वीज गळत नाही. कर्करोगाबाबत : आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००२ मध्ये वीजवाहिन्यांच्या चुंबकीय क्षेत्राला "कदाचित कर्करोगकारक" या गटात ठेवलं, तेही मुख्यतः लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाबाबतच्या मर्यादित पुराव्यावर; कारण-परिणाम सिद्ध झालेला नाही. भूमिगत केबलचा खर्च कित्येक पट असतो आणि तिच्यासाठी सलग चर खणावा लागतो. पवनचक्क्या ढग पळवतात म्हणावं, तर माणदेश आणि जतचा दुष्काळ त्या येण्याच्या कितीतरी आधीपासूनचा, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेचा आहे. आणि "वीज आमच्या डोक्यावरून मुंबईला जाते" म्हणणाऱ्यांनी हेही बघावं की टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचे अजस्र पंप याच जाळ्यातल्या विजेवर चालतात.

म्हणून खुणेचा दगड दिसला की कलम १६४ च्या आदेशाची प्रत मागा. राज्यात सध्या कोणता दर लागू आहे ते प्रांत कार्यालयातून लेखी घ्या. टॉवर आणि पट्टा यांची मोजणी वेगवेगळी करून घ्या, पंचनाम्यात प्रत्येक झाड मोजलं गेलंय का ते स्वतः उभं राहून बघा आणि हे सगळं हाती येईपर्यंत कोऱ्या कागदावर सही करू नका.