मिस्सा आणि पंगत यांच्यामधला तास

लग्नाची मिस्सा संपते, वधूवरांवर फुले उधळून होतात आणि पाहुणेमंडळी मांडवाकडे वळतात. पुढे काय? वधूवर छायाचित्रकाराबरोबर नदीकाठी गेलेले, जेवणाची भांडी अद्याप चुलीवरच, आणि दोनशे माणसे खुर्च्यांवर बसून एकमेकांची तोंडे पाहत असलेली! शहरांतील मंडळी या वेळेला ‘कॉकटेल अवर’ म्हणतात. कॉकटेल म्हणजे काय, हे १८०६ साली न्यूयॉर्क राज्यातील एका वृत्तपत्राने वाचकांना समजावून सांगितले होते: मद्य, साखर, पाणी आणि कडू अर्क यांचे मिश्रण. आता हा तास आमच्या खेड्यांतही येऊन पोहोचला आहे, आणि त्याच्यामागोमाग त्याचा खर्चही.

“फादर, बार ठेवला नाही तर लोक काय म्हणतील?” लग्नाची तारीख ठरवायला आलेला वधूपिता आम्हांला हटकून हा प्रश्न विचारतो. काही वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याने तो विचारला आणि आमच्या उत्तराची वाट न पाहता बार ठेवला. मद्याचे बिल जेवणाच्या बिलाहून मोठे झाले. ते फेडण्यासाठी त्याने दोन दुभत्या म्हशी विकल्या. लोक काय म्हणाले? त्या लग्नाची गोष्ट निघाली की लोकांना आठवते ती एवढीच, की केकच्या टेबलाजवळ दोघा चुलतभावांची हातघाई झाली.

आम्ही मद्याचे वैरी नव्हे. ज्यांच्या घरी आम्ही पेलाभर फेणी घेतली आहे, ते हे वाचून हसतील. काना गावच्या लग्नात प्रभूने पाण्याचा द्राक्षारस केला, तोही थोडाथोडका नव्हे. सहा दगडी रांजण, आणि एकेका रांजणात सुमारे ७५ ते ११५ लिटर! परंतु योहानाच्या शुभवर्तमानाचा तो दुसरा अध्याय पुन्हा वाचून पाहावा. यजमानाची अडचण प्रथम कोणाच्या ध्यानी आली? पाहुणी म्हणून आलेल्या मरियामातेच्या. मिस्सा आणि पंगत यांच्यामधल्या तासाला बाटल्यांपेक्षा अशा डोळ्यांची गरज अधिक आहे. पाच कोसांवरून आलेली म्हातारी सकाळपासून उपाशी आहे काय, लेकुरवाळीला बाळ निजवायला आडोसा आहे काय, हे पाहणारे कोणीतरी हवे. घरातील दोन जाणत्या माणसांना हेच काम नेमून द्यावे. दुसरे काही सांगू नये.

मद्यावाचून रंग भरत नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी वडोदऱ्याच्या आमच्या बांधवांना विचारावे. १९६० साली गुजरात राज्य झाले तेव्हापासून तेथे दारूबंदी आहे, म्हणून काही तेथली लग्ने सुतकी झाली नाहीत.

मग पेल्यांत घालावे काय? आपली लग्ने बहुधा उपवासकाळापूर्वी किंवा पुनरुत्थानाच्या सणानंतर होतात. पहिल्या हंगामात लिंबू, आवळा आणि उसाचा रस. चैत्र-वैशाखात कैरीचे पन्हे: कैऱ्या उकडून गर काढावा, गराच्या दुप्पट गूळ, थोडे मीठ आणि वेलदोडा घालून आदल्या दिवशीच तयार ठेवावा, आयत्या वेळी गार पाणी ओतले की झाले. कोकमाच्या आगळाचेही तसेच. सोलकढी मात्र नारळाच्या दुधाची, उन्हात लवकर बिघडते. ती वेळेवरच करावी. काजूच्या हंगामात ज्यांच्या बागा आहेत त्यांनी ताजा नीरो अवश्य द्यावा, पण काढल्यावर लगेच. तो तासांतच आंबू लागतो. एक सूचना घरच्या माउल्यांना: मासळीबाजारातला बर्फ पेल्यात घालू नये. पेये गार ठेवायची तर भांडे बाहेरून बर्फात ठेवावे.

आणि फेणी? काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ती गोव्याची स्वतःची वस्तू आहे. घरची चांगली असेल तर सौद घेताना प्रौढांना एकेक लहान पेला द्यावा, आणि बाटली आत न्यावी. परक्या नावांच्या महागड्या बाटल्यांची रांग कशासाठी?

सोबत उकडलेल्या शेंगा, चणे, केळ्याचे काप, घरचे बोलिन्हे. बेळगावकडच्यांना कुंदा आहेच. मुलांना आणि वृद्धांना आधी.

तास भरून काढायला माणसे पुरेशी असतात. त्यांना निमित्त हवे असते. एका घरी आम्ही पाहिले, मांडवाच्या कडेला दोरी बांधून आजी-आजोबांच्या, पणजोबांच्या लग्नांची छायाचित्रे चिमट्यांनी टांगली होती. पाहुणे नावे ओळखण्यात इतके गुंगले की जेवणाची हाक दोनदा द्यावी लागली. नवऱ्या मुलीची आजी खुर्ची ओढून तिथेच बसली आणि कोणाच्या वरातीत बैलगाडी कशी रुतली ते सांगू लागली. आणखी एके ठिकाणी बँड बोलावण्याऐवजी गावच्या चौघांनी घुमट वाजवले. हे मातीचे वाद्य गोवा शासनाने २०१९ साली वारसावाद्य ठरवले आहे. पूर्वी त्यावर घोरपडीचे कातडे मढवीत; ते आता कायद्याने वर्ज्य, म्हणून बकऱ्याचे लावतात. आवाज थोडा बदलला असे जुने वादक कुरकुरतात, पण त्या दिवशी खुर्चीवर बसून राहिलेले कोणी आम्हांला दिसले नाही.

गाडी हाकणाऱ्यांना मात्र पन्हेच. रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्य आढळले तर तो गुन्हा आहे; २०१९ पासून पहिल्याच खेपेला सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. दंडाचे सोडा, घाटातल्या वळणावर लग्नाची जीप उलटली, आणि ज्या मंडळींना आम्ही सकाळी आशीर्वाद दिला त्यांतील एकासाठी दुसऱ्या दिवशी आम्हांला अंत्यविधीची मिस्सा म्हणावी लागली, हेही आमच्या वाट्याला आलेले आहे.

छायाचित्रकाराला तेवढे सांगून ठेवावे: नदीकाठी वीस मिनिटे, अधिक नाही. म्हातारी वाट पाहत आहे.