खरे बोलणाऱ्याला संरक्षण कुणाचे? सिंचन घोटाळा, एक पत्र आणि कागदावरच राहिलेला कायदा

हिंगणघाटच्या एका विहारात रविवारी आमचा अभ्यासवर्ग असतो. वर्ग संपल्यावर एक मुलगा मागे थांबला. एका सरकारी कार्यालयात तो कंत्राटी डाटा एन्ट्री ऑपरेटर आहे. जी कामे झालीच नाहीत त्यांची बिले आपण स्वतःच्या हाताने संगणकात भरतो, हे त्याच्या लक्षात आले होते. सगळे सांगून झाल्यावर त्याने एकच प्रश्न विचारला, "ताई, माहं नाव त नाही येनार ना कुठं?"

मी त्याला लगेच "नाही येणार" असे म्हणू शकले नाही. का म्हणू शकले नाही, हे समजावून सांगण्यासाठी हा लेख आहे. भ्रष्टाचाराविरुद्ध भाषणे सगळेच पक्ष करतात. पण भ्रष्टाचार उघड करणाऱ्या माणसाचे पुढे काय होते, याचा हिशेब कुणी मांडत नाही. विदर्भातल्या तरुणांना तो माहीत असायला हवा, कारण या काळातले महाराष्ट्रातले सर्वात गाजलेले प्रकरण आपल्याच पाण्याचे आहे.

सत्तर हजार कोटी आणि ०.१ टक्का

राज्याच्या २०११-१२ च्या आर्थिक पाहणी अहवालात एक साधा आकडा होता. २००१-०२ मध्ये राज्यातील ओलिताखालचे क्षेत्र १७.८ टक्के होते, ते २००९-१० मध्ये १७.९ टक्के झाले. म्हणजे वाढ फक्त ०.१ टक्का. या दशकात सिंचनावर सुमारे ७० हजार कोटी रुपये खर्च झाल्याचे सांगितले जात होते. मग पैसा गेला कुठे, हा प्रश्न उभा राहिला.

याच सुमारास विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाचे प्रकरण गाजले. २००९ मध्ये अवघ्या सात महिन्यांत ३८ प्रकल्पांची किंमत ६,६७२ कोटींवरून २६,७२२ कोटींवर नेण्यात आली, असे वृत्तपत्रांनी मांडले. गोसीखुर्दचे उदाहरण तर आपल्या डोळ्यांसमोर आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झाले तेव्हा या धरणाचा अंदाजित खर्च ३७२ कोटी होता. २०१६ च्या सुधारित मान्यतेत तो १८ हजार ४९४ कोटींवर गेला. महागाई, भूसंपादन, पुनर्वसन ही कारणे खरी आहेत. पण बुडीत क्षेत्रातल्या ज्या कुटुंबांनी घर, शेत आणि विहार सोडले, त्यांनी या वाढलेल्या कोटींचा हिशेब मागितला तर त्यात चूक काय?

पांढरेंनी काय केले

विजय पांढरे हे जलसंपदा खात्यातले मुख्य अभियंता. नाशिकच्या अभियांत्रिकी प्रशिक्षण प्रबोधिनीत ते कार्यरत होते आणि प्रकल्पांच्या किमती तपासणाऱ्या राज्यस्तरीय तांत्रिक सल्लागार समितीवरही होते. २०१२ मध्ये त्यांनी मुख्यमंत्री आणि राज्यपालांना सविस्तर पत्र लिहिले. निकृष्ट कामे, फुगवलेली अंदाजपत्रके, गरज नसलेल्या उपसा सिंचन योजना आणि वाया गेलेले सुमारे ३५ हजार कोटी रुपये, असा त्यांचा आरोप होता.

त्या पत्राने राजकारण हलले. १९९९ ते २००९ या काळात जलसंपदा खाते सांभाळलेले अजित पवार यांनी २५ सप्टेंबर २०१२ रोजी उपमुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला. नोव्हेंबरअखेर सरकारने श्वेतपत्रिका काढली आणि सिंचनातली वाढ ०.१ टक्क्यापेक्षा बरीच जास्त असल्याचे सांगितले. ७ डिसेंबरला पवार पुन्हा उपमुख्यमंत्री झाले. मंत्र्याचा वनवास अडीच महिन्यांत संपला.

आणि पांढरेंचे काय? त्यांच्या आरोपांपेक्षा त्यांच्या स्वभावाचीच चर्चा जास्त झाली. त्यांच्या मानसिक संतुलनावर शंका घेतली गेली. पुढच्या वर्षी त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. २०१४ ची लोकसभा निवडणूक नाशिकमधून आम आदमी पक्षाकडून लढवली आणि ते हरले.

समाजशास्त्राच्या भाषेत याला कलंक लावणे म्हणतात. माणसाच्या म्हणण्याला उत्तर देता आले नाही की माणसालाच बिघडलेला ठरवायचे. आपल्या समाजाला हे तंत्र नवीन नाही. अन्यायाविरुद्ध बोलणाऱ्या दलित माणसाला 'भडक' किंवा 'जातीयवादी' म्हणून बाजूला सारताना आपण ते शंभर वेळा पाहिले आहे.

एकच खाते, दोन शपथपत्रे

आता दुटप्पीपणाकडे येऊ. विरोधात असताना भाजपच्या नेत्यांनी २०१३ मध्ये चितळे समितीकडे बैलगाडीभर पुरावे नेले होते. सत्ता आल्यावर, डिसेंबर २०१४ मध्ये, लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे चौकशी सोपवली गेली. नागपूर खंडपीठात 'जनमंच' या संघटनेची जनहित याचिका चालू होतीच.

नोव्हेंबर २०१८ मध्ये या विभागाने न्यायालयात शपथपत्र दिले. शासन कार्यनियमावलीनुसार खात्याची जबाबदारी मंत्र्याची असते, असे सांगून त्यात अजित पवारांकडे बोट दाखवले होते. बरोबर एका वर्षाने, २३ नोव्हेंबर २०१९ च्या पहाटे पवारांनी फडणवीसांसोबत उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. दोन दिवसांनी विभागाने नऊ चौकश्या बंद केल्या. या चौकश्यांचा पवारांशी संबंध नाही, असा खुलासा विभागाने केला. पण त्याच आठवड्यात आणि नंतर डिसेंबरमध्ये दाखल झालेल्या शपथपत्रांत पवारांवर जबाबदारी येत नाही, असे म्हटले गेले. डिसेंबरपर्यंत तर सरकार महाविकास आघाडीचे होते. म्हणजे हा प्रश्न एका पक्षाचा नाही.

पुढे २७ जून २०२३ रोजी भोपाळच्या सभेत पंतप्रधानांनी राष्ट्रवादीवर सुमारे ७० हजार कोटींच्या घोटाळ्यांचा आरोप केला. पाच दिवसांनी, २ जुलैला, अजित पवार भाजपसोबतच्या सरकारात पुन्हा उपमुख्यमंत्री झाले.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. पवारांनी आरोप कायम नाकारले आणि कोणत्याही न्यायालयाने त्यांना या प्रकरणात दोषी ठरवले नाही. त्यांना दोषी ठरवणे हे माझे किंवा तुमचे काम नाही. आपला प्रश्न वेगळा आहे. कागद तेच, खाते तेच, मग निष्कर्ष सत्तेच्या गणिताप्रमाणे कसा बदलतो? चौकशी ही शिक्षा देण्यासाठी नसून माणूस आपल्या बाजूला आणण्यासाठी वापरली जात असेल, तर खरे सांगणाऱ्याने कुणावर भरवसा ठेवायचा?

जे परत आले नाहीत

पांढरे निदान जिवंत राहिले. सत्येंद्र दुबे या तरुण अभियंत्याने सुवर्ण चतुष्कोन महामार्गातल्या गैरव्यवहाराबद्दल पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिले आणि नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. पत्र नावासह खात्यांमध्ये फिरले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गयेत त्यांचा खून झाला. तळेगाव दाभाडेचे सतीश शेट्टी यांनी माहिती अधिकारातून जमीन व्यवहार उघडे पाडले, पोलीस संरक्षणही मागितले. १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी फिरायला गेले असताना त्यांना मारले गेले. २५ जानेवारी २०११ रोजी, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी, इंधन भेसळ पकडायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ जिवंत जाळले गेले. अपर जिल्हाधिकाऱ्याची ही गत, तर कंत्राटी पोराची काय कथा?

कायदा आहे, पण लागू नाही

दुबेंच्या खुनानंतर सर्वोच्च न्यायालयाच्या दट्ट्यामुळे केंद्राने एप्रिल २००४ मध्ये एक ठराव काढला. त्यानुसार केंद्रीय दक्षता आयोगाकडे नाव गुप्त ठेवून तक्रार करता येते. पण तो केंद्र सरकार आणि केंद्राच्या उपक्रमांपुरता आहे. तहसील, पंचायत समिती, पाटबंधारे महामंडळ त्यात येत नाहीत.

मे २०१४ मध्ये जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. तो राज्यांच्या कर्मचाऱ्यांच्या गैरव्यवहारालाही लागू होणार होता. तक्रारदाराची ओळख फोडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, आणि छळ झाल्याची तक्रार आली तर 'आम्ही छळ केला नाही' हे सिद्ध करण्याची जबाबदारी कार्यालयावर, अशा चांगल्या तरतुदी त्यात आहेत. मात्र कायदा अमलात येण्याची तारीख केंद्राने अधिसूचनेने ठरवायची होती. ती अधिसूचना निघालीच नाही. उलट २०१५ मध्ये कायदा पातळ करणारे दुरुस्ती विधेयक लोकसभेने मंजूर केले. ते राज्यसभेत अडकले आणि २०१९ मध्ये लोकसभेसोबत संपले. मूळ कायदा तसाच कपाटात राहिला. संसदेने मंजूर केलेला कायदा एका अधिसूचनेसाठी इतकी वर्षे पडून राहतो, याहून मोठा दुटप्पीपणा कोणता?

भरीला २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्याचे कलम ८(१)(जे) बदलले. वैयक्तिक माहिती व्यापक जनहितासाठी देण्याची त्या कलमातली अट काढून टाकली. बोगस लाभार्थ्यांची यादी मागणाऱ्याला 'वैयक्तिक माहिती' म्हणून परत पाठवणे आता सोपे झाले आहे.

आपला याच्याशी संबंध

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. पाटबंधारे आणि वीज हे विषय त्यांच्याकडे होते, दामोदर खोरे प्रकल्पाचा पाया त्यांच्या काळात घातला गेला. पाणी ही सार्वजनिक संपत्ती आहे, हे महाडला चवदार तळ्यावर सांगणारा माणूसच पुढे देशाच्या पाण्याचे नियोजन करत होता. त्या पाण्याचा पैसा कुठे गेला हे विचारणे, हे त्यांचेच काम पुढे नेणे आहे.

दुसरी गोष्ट धम्माची. आपण पंचशील घेतो, त्यात चौथे शील खोटे न बोलण्याचे. पण 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये बाबासाहेबांनी सम्यक वाणी तेवढ्यापुरती ठेवलेली नाही. भीती, मेहेरबानी, वरिष्ठांची मर्जी किंवा होणारे नुकसान यांवर खरे बोलणे अवलंबून नसावे, असा तिचा अर्थ त्यांनी लावला आहे. हे वाचायला सोपे, करायला कठीण. म्हणूनच ते एकट्या माणसाच्या धैर्यावर सोडून चालणार नाही. संघ कशासाठी असतो?

काय करता येईल

एक, घाई करू नका आणि मूळ कागद कार्यालयातून उचलून आणू नका. काय पाहिले, कधी पाहिले, कोणत्या क्रमांकाची नस्ती, हे तारखेसह वहीत लिहा.

दोन, आत काम करणाऱ्याने स्वतःच्या नावाने माहिती अधिकार टाकू नये. नस्तीचा क्रमांक कळला की तोच अर्ज बाहेरच्या चार-पाच जणांनी वेगवेगळा टाकावा. शुल्क दहा रुपये. अर्ज एका विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत ठेवा. माहिती का हवी, याचे कारण देण्याची गरज नाही. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर पहिले अपील करा.

तीन, घरचा पत्ता द्यायचा नसेल तर टपाल पेटी क्रमांक देता येतो. कलकत्ता उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१३ मध्ये तसे सांगितले आणि केंद्राने जानेवारी २०१४ मध्ये त्याचे परिपत्रक काढले.

चार, लाच मागितली जात असेल तर लाचलुचपत विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे. प्रशासनातल्या गैरव्यवहारासाठी लोकायुक्तांकडे जाता येते. प्रकरण फौजदारी खटल्यात गेले तर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेल्या साक्षीदार संरक्षण योजनेखाली अर्ज करता येतो.

पाच, धमकी आली तर गप्प बसू नका. त्याच दिवशी लेखी तक्रार द्या, पोच घ्या आणि दहा जणांना कळवा. शेट्टींनी संरक्षण मागितले होते, ते मिळाले नाही. म्हणून फक्त अर्जावर विसंबू नका, लोक सोबत ठेवा.

आणि सर्वात महत्त्वाचे, १४ एप्रिल आणि १४ ऑक्टोबरच्या व्यासपीठांवर येणाऱ्या प्रत्येक आमदार-खासदाराला एकच प्रश्न विचारा: २०१४ चा कायदा लागू कधी करणार? ते कोणत्या पक्षाचे आहेत, हे पाहू नका.

त्या मुलाला मी शेवटी खरे तेच सांगितले. "तुझे नाव झाकणारा कायदा आज लागू नाही. म्हणून तू पुढे येऊ नकोस, आम्ही येतो." पुढच्या रविवारी विहारात पाच जणांनी पाच अर्ज लिहिले. त्याचे नाव त्यात कुठेही नाही. त्याची नोकरी शाबूत आहे आणि आम्ही तीस दिवस मोजतो आहोत.

जय भीम. नमो बुद्धाय.