कोपऱ्यात उभं राहण्याची शिस्त
एडिसन, न्यू जर्सी

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की इथल्या मराठी घरांतून एक चौकशी हमखास सुरू होते : ‘तुमच्या ओळखीत कुणी डॉक्टर आहे का? मुलीला शॅडोइंग करायचंय.’ आपल्याकडे बारावी आणि ‘नीट’ झाली की थेट एमबीबीएस. अमेरिकेत आधी चार वर्षांची पदवी, मग ‘एमकॅट’ ही दिवसभर चालणारी परीक्षा, आणि शिवाय दवाखाना आतून पाहिल्याचा पुरावा. शॅडोइंग म्हणजे डॉक्टरच्या मागे मागे फिरून त्याचं काम नुसतं बघणं. सगळीकडे सक्ती नाही, पण अर्जात त्याचे तास दिसले नाहीत तर अनेक कॉलेजं भुवया उंचावतात.

ज्यांच्या घरात किंवा शेजारात डॉक्टर नाही, ती मुलं ईमेलमागून ईमेल धाडत बसतात. गुणवत्तेचा एवढा गजर करणाऱ्या देशातही हे दार बहुधा वशिल्यानंच उघडतं.

होकार मिळाला की कागदपत्रं : क्षयाची चाचणी, लशींचे दाखले, रुग्णाच्या गोपनीयतेबद्दलचं प्रशिक्षण आणि त्याखाली सही. १९९६ चा ‘हिपा’ कायदा इथे सगळ्यांच्या मानगुटीवर असतो. वहीत रुग्णाचं नाव लिहायचं नाही, लिफ्टमध्ये केसबद्दल बोलायचं नाही, फोटोचं तर नावच नको.

खरी गंमत तपासणीच्या खोलीत. डॉक्टर दार वाजवून आत जातो आणि आधी रुग्णाला विचारतो, ‘माझ्याबरोबर एक विद्यार्थिनी आहे, चालेल?’ ‘नको’ म्हणायला रुग्णाला कारण द्यावं लागत नाही. मुलीनं तोंड वाकडं न करता बाहेर थांबायचं. आत गेलीच तर भिंतीला लागून उभं राहायचं, चाकांच्या स्टुलावर बसायचं नाही, कारण तो डॉक्टरचा. कपडे उतरवायची वेळ आली की कुणी सांगायची वाट न बघता ‘मी बाहेर थांबू का?’ असं विचारावं. कधी एखाद्या आजीबाई तिलाच विचारतात, ‘तुला काय वाटतं गं?’ त्यावर ‘मी अजून शिकतेय, डॉक्टरच सांगतील,’ एवढंच. शंका वहीत टिपून ठेवायच्या आणि दोन रुग्णांच्या मधल्या वेळात विचारायच्या.

ऑपरेशन थिएटरात नियम आणखी कडक. निर्जंतुक निळ्या कापडापासून लांब, हात छातीशी. सकाळी पोटभर खाऊन जावं, गुडघे ताठ करून उभं राहू नये. चक्कर येतेय असं वाटलं तर नर्सला सांगून टेबलापासून दूर सरळ जमिनीवर बसावं. यात लाज नाही. टेबलाच्या दिशेनं कोसळलात तर मात्र पंचाईत.

काही पालक यातून पळवाट काढतात : सुट्टीत महाराष्ट्रातल्या मामाच्या हॉस्पिटलात पाठवायचं. बघण्यापुरतं ते उत्तमच. तिथल्या ओपीडीतली गर्दी पाहून मुलं पुष्कळ शिकतात. पण मामा कौतुकानं भाचीच्या हाती इंजेक्शन देतो, एखादा टाकाही घालू देतो, आणि ती ते अभिमानानं अर्जात लिहिते. इथल्या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेनं परदेशातल्या अशा अनुभवांबद्दल लेखी मार्गदर्शन दिलं आहे : प्रशिक्षण नसताना रुग्णावर हात चालवू नका, त्यानं प्रवेश धोक्यातही येऊ शकतो. मामांनी भाचीला राउंडला जरूर न्यावं, पण सिरिंज आपल्याच हातात ठेवावी; आणि आपल्या रुग्णांनाही ‘चालेल का?’ असं विचारायला काय हरकत आहे?