तीन तासिकांचा दिवस

पहाटे ५.१५
गॅसवर चहा, शेजारी फुलस्केपचा कागद. बार्शीतल्या दोन खोल्यांच्या घरात मॅडमचा दिवस इथून सुरू होतो. कागदावर तीन रकाने. किती मिनिटं, मी काय करणार, मुलं काय करणार. तिसरा रकाना आधी भरायचा, हा त्यांचा नियम. तो रिकामा राहिला की वर्ग एक तर झोपतो, नाही तर बोलतो. आज एफ.वाय.ला मागणीची लवचिकता आहे. पुस्तकात अर्थतज्ज्ञ मार्शल पहिल्या पानावर येतो, १८९० सालच्या ग्रंथासकट. मॅडमच्या कागदावर तो शेवटी आहे. आधी कांदा.
पिशवीत खडूची पेटी, धूळ कमी उडणारी, पदरच्या पैशाने घेतलेली. कापडी डस्टर. पाठकोऱ्या कागदांचे हाताने फाडलेले चौकोन, साठ-सत्तर. डब्यात दोन पोळ्या आणि शेंगाचटणी.

६.३०
एसटीत खिडकीची जागा. मार्च २०२३पासून बायकांना अर्धं तिकीट. आधी जायला लागायचे तेवढ्यात आता जाऊन-येऊन होतं.
मॅडम सेट उत्तीर्ण आहेत, पीएच.डी. चालू आहे. नोकरी सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर. नेमणूकपत्रात लिहिलंय, तासिकेला ९०० रुपये, आठवड्याला नऊ तासिका. त्या तीन दिवसांत बसवल्यात. संध्याकाळी आणि उरलेले दिवस घरी अकरावी-बारावीच्या शिकवण्या. सुट्टी आली, परीक्षा लागली, कॉलेजात स्नेहसंमेलन झालं, की तासिका नाही. तासिका नाही तर पैसे नाहीत.

७.४५
कॉलेज तालुक्याच्या गावाबाहेर, समोर तुरीचं रान. मस्टरवर सही करून मॅडम थेट वर्गात. फळा वरून खाली पुसतात. आडवा पुसला की धूळ नाकात जाते. खिडक्या उघडतात. मागची दोन बाकं भिंतीला सरकवतात, म्हणजे ओळींच्या मधून फिरायला वाट होते. फळ्यावर प्रश्न लिहितात आणि दारात उभ्या राहतात.
मुलं येऊ लागतात. प्रत्येकाला नावाने हाक.
“काय रे, काल नव्हतास?”
“फवारणी होती, मॅडम.”
“वही कुणाची घेतलीस?”
“घेतो आज.”
भांडण नाही, भाषण नाही. पण न आल्याचं कुणाच्या तरी लक्षात होतं, एवढं त्याला कळलं.

८.००
पटावर ९४, वर्गात ५८. तास ४८ मिनिटांचा. नावं पुकारत बसलं तर सहा-सात मिनिटं तिथेच जातात. म्हणून हजेरी नंतर, मुलं लिहीत असताना, ओळींमधून फिरत.
फळ्यावरचा प्रश्न : कांदा २० रुपये किलो असताना तुमच्या घरी महिन्याला किती लागतो? ३० झाला तर किती आणाल? दोन मिनिटं एकट्याने, मग दोन मिनिटं शेजाऱ्याशी.
गलका होतो. मॅडम होऊ देतात. वेळ संपल्यावर वर्गाच्या मधोमध उभं राहून फक्त हात वर करतात. पुढच्या मुली गप्प होतात, मग मधले, मग मागचे. ओरडायचं नाही. घसा एकच आहे आणि तासिका तीन.
“मोबाईल काढा.” वर्ग चकित. “कॅल्क्युलेटर उघडा.” लपवलेला मोबाईल उघड्यावर कामाला लागतो. एका मुलीच्या घरी पाच किलोचे चार झालेत. भाव ५० टक्के वाढला, मागणी २० टक्के घटली. भागाकार ०.४.
“आता मीठ दुप्पट महागलं तर?” मॅडम थांबतात. मनात पाच अंक मोजतात. त्यानंतर नाव घेतात. नाव आधी घेतलं की बाकीचे ५७ जण सुटतात. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७०च्या दशकात वर्गांच्या ध्वनिफिती ऐकून दाखवलं होतं, की शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले तर मुलं जास्त बोलतात. मॅडमनी हे वाचलंय, पण मोजायला लागतंच. शांतता अंगावर येते.
मागून आवाज, “मीठ तेवढंच लागणार, मॅडम.”
“आणि कोल्ड्रिंक?”
“उसाचा रस पिऊ.”
वर्ग हसतो. पर्यायी वस्तू हा मुद्दा कागदावर शेवटून दुसरा होता. तो आत्ताच घेऊन टाकतात. मग फळ्यावर मार्शल.
८.४३ला चौकोन वाटतात. आज काय कळलं, काय अडलं, दोन ओळी. नाव घालायचं नाही.

८.५०
टी.वाय.ला १३ जण. बाकं गोलात. विषय अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ. १९३०मध्ये पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था सुरू झाली ती त्यांच्या हाताखाली. विठ्ठलराव विखे पाटलांनी प्रवरेला सहकारी साखर कारखाना काढला, तेव्हा अध्यक्ष गाडगीळ. इथे निम्म्या मुलांच्या घरी ऊस आहे. त्यांना बोलायला सांगावं लागत नाही. थांबवावं लागतं.
एक मुलगा बाकावर डोकं ठेवून झोपलाय. मॅडम त्याला उठवत नाहीत. तास सुटल्यावर दाराशी गाठतात.
“पंपावर रात्रपाळी आहे का रे अजून?”
“हो मॅडम. सहाला सुटलो, तसाच आलो.”
“उद्या तुला एकच प्रश्न विचारणार. आत्ता सांगते. शेतकऱ्यांच्या कारखान्याला अर्थतज्ज्ञ अध्यक्ष कशाला लागतो? चार ओळी लिहून आण.”
तो प्रश्न मोबाईलमध्ये लिहून घेतो.

१०.००
कॅन्टीन. चहा १० रुपये. समोर कायम नोकरीतले, निवृत्तीला आलेले सर.
“मॅडम, पहिले पंधरा दिवस हसायचंच नाही. वर्षभर वर्ग हातात राहतो.”
“सर, तुमचा आवाज आहे तसा. माझ्याने नाही होत. मी फिरते.”
“फिरून पाय दुखतात.”
“दुखतात की.”
चहाचे पैसे सर देतात. मॅडम नको म्हणत नाहीत.

१०.३०
एस.वाय. वर्गातला पंखा बंद. शेवटच्या बाकावर चौघं, बाकाखाली क्रिकेट. मॅडम बोलणं थांबवत नाहीत. चलनवाढीचा मुद्दा सांगत सांगतच मागे चालत जातात आणि त्यांच्या बाकाला टेकून उभ्या राहतात. नजर पुढच्या वर्गाकडे. मोबाईल खिशात जातो. पुढच्या उदाहरणाला त्यांच्यातल्या एकाला फळ्यावर बोलावतात. आकडे मांडायचं काम त्याचं, सांगायचं काम वर्गाचं. तो चुकतो, वर्ग दुरुस्त करतो, खडूने माखलेला हात घेऊन तो जागेवर जातो. चौघांना चारचौघांत काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर पुढची दहा मिनिटं तेच चाललं असतं.

११.४५
स्टाफरूममध्ये विवरणपत्र. तारीख, वर्ग, विषय, घटक, वेळ, सही. आजच्या तीन ओळी. विभागप्रमुखांची सही, मग कार्यालय.
“मागच्या महिन्याचं आलं का हो, भाऊसाहेब?”
“वरून ग्रँट आली की टाकतोच, मॅडम.”

१२.१५
डबा आणि चिठ्ठ्या सोबत. तीन ढीग पडतात. कळलं, अर्धवट, नाही. अठ्ठावन्नातले एकवीस तिसऱ्या ढिगात, आणि बहुतेकांचं अडलंय एकाच ठिकाणी. टक्के काढताना कशाने भागायचं? जुन्या भावाने की नव्या? म्हणजे अर्थशास्त्र नाही, आठवीचं गणित अडलंय. एका चिठ्ठीवर नुसतंच, “मॅडम, हळू बोला.” ती मॅडम पर्समध्ये ठेवतात.

१.५०
परतीची एसटी. उभं राहून.

संध्याकाळी ५ ते ७
घरी बारावीच्या आठ मुली. फी महिन्याला पाचशे, वेळेवर येते.

रात्री ९.१०
भांडी झाली. उद्याचा फुलस्केप. एफ.वाय.च्या तासात मागणीवक्र घ्यायचा होता, तो दहा मिनिटांनी पुढे सरकतो. पहिल्या ओळीत टक्केवारी : शर्ट ४०० रुपयांचा, सेलमध्ये ३००ला. सूट किती टक्के? तिसऱ्या रकान्यात लिहितात, “जोडीने सोडवतील.” दुसऱ्या रकान्यात, “हळू.”
आजच्या बिलात तीन तासिका, २,७०० रुपये. तीन अठ्ठेचाळीस म्हणजे १४४ मिनिटं. चिठ्ठ्या वाचायला आणि हा कागद लिहायला विवरणपत्रात रकाना नाही. उद्या आठ वाजता एकवीस मुलांना टक्केवारी येईल की नाही, हे मात्र या कागदावर ठरणार आहे.