दाराचा एकच शब्द

अमेरिकेत १९८०-९०च्या दशकांत बांधलेल्या अनेक घरांत, कपड्यांच्या कपाटात किंवा तळघरात, पत्र्याची एक पेटी भिंतीला ठोकलेली सापडते. आत हिरवा सर्किट बोर्ड, विटेएवढी १२ व्होल्टची बॅटरी आणि भिंतीतून बाहेर आलेला तारांचा झुबका. न्यू जर्सीत किंवा टेक्सासात जुनं घर घेणाऱ्या मराठी माणसालाही ही पेटी भेटते. आधीच्या मालकानं देखरेखीची वर्गणी केव्हाच बंद केलेली असते आणि कोड कुणालाच ठाऊक नसतो. काढून टाकावं हे जंजाळ, असं वाटतं. पण जरा थांबा. त्या झुबक्यातली तारेची एकेक जोडी एकेका दार-खिडकीपर्यंत पोचलेली आहे. भिंतींना कान असतात म्हणतात. या भिंतींना ते खरोखरच आहेत.

तारेच्या दुसऱ्या टोकाला काय असतं? दाराच्या चौकटीत बसवलेली काचेची एक इवलीशी नळी. तिच्यात निकेल-लोखंडाच्या दोन पातळ पट्ट्या, मध्ये केसभर फट. दारात पुरलेलं चुंबक जवळ आलं, की पट्ट्यांच्या समोरासमोरच्या टोकांवर विरुद्ध ध्रुव तयार होतात, त्या एकमेकींना चिकटतात आणि वीज वाहू लागते. दार उघडलं, चुंबक लांब गेलं, की पट्ट्या सुटतात. हा रीड स्विच १९३६मध्ये बेल लॅब्जमधल्या वॉल्टर एलवूड यांनी घडवला. नळी सीलबंद, आत बहुधा नायट्रोजन. त्यामुळे धूळ नाही, गंज नाही. दिवसातून वीसदा उघडणारं दार चाळीस वर्षांत सुमारे तीन लाख वेळा उघडतं, आणि हे स्विच दहा लाखांच्या पटीत उघडझाप सोसतात. पेटीतला मेंदू म्हातारा झाला तरी दारातली ही नस तरुणच असते.

या तारेतली खरी हुशारी मात्र तिच्या टोकाशी जोडलेल्या, काही पैशांच्या रेझिस्टरमध्ये आहे. समजा, पेटीतलं पॅनेल १२ व्होल्टचा दाब २००० ओहमच्या रेझिस्टरमधून तारेवर सोडतं आणि दाराशी, तारेच्या पार टोकाला, आणखी २००० ओहम बसवलेले आहेत. दार बंद असताना पॅनेलपाशी बरोबर निम्मे, ६ व्होल्ट दिसतात. दार उघडलं किंवा कुणी तार कापली, तर १२. दार बंदच आहे असं भासवायला चोरानं दोन तारा एकमेकींना जोडल्या, तर शून्य. म्हणजे एवढ्याशा तुकड्यामुळे तारेला ‘बंद’ आणि ‘उघडं’ याखेरीज ‘मला फसवताहेत’ हेही सांगता येतं. आळशी कारागिरानं तोच रेझिस्टर दाराऐवजी पेटीतच बसवला, तर तारा कुठेही जोडल्या तरी पॅनेलला ६च दिसत राहतात आणि पहारा नावापुरता उरतो.

पहारा देणाऱ्या अशा तारांना दुसरं कामही देता येतं, आणि ते काही नवं नाही. मॅसॅच्युसेट्सच्या ऑगस्टस पोप यांनी १८५३मध्ये विजेवर चालणाऱ्या चोरघंटेचं पेटंट घेतलं. पुढे ते एडविन होम्स यांनी विकत घेतलं आणि तिचा धंदा उभा केला. बॉस्टनमध्ये बँकांपासून होम्स यांच्या कचेरीपर्यंत तारा पसरल्या. १८७७मध्ये, बेल यांच्या टेलिफोनला पेटंट मिळून जेमतेम वर्ष झालेलं असताना, होम्स यांच्या मुलानं त्याच तारांना टेलिफोन जोडले. दिवसपाळी टेलिफोनची, रात्रपाळी चोरघंटेची. शहरातल्या पहिल्या टेलिफोन एक्स्चेंजनं जन्म घेतला तो असा, चोरघंटेच्या घरी.

शंभर वर्षांनी पारडं फिरलं. घरातली पेटीच टेलिफोनच्या तारेवर विसंबून राहिली: घंटा वाजली की ती मध्यवर्ती केंद्राला फोन लावायची. मग घराघरांतले जुने फोन जाऊ लागले. ज्या पेट्या मोबाइल जाळ्यावर गेल्या, त्यांपैकी कित्येकींचा आवाज २०२२मध्ये अमेरिकेतली ३जी जाळी बंद झाली तेव्हा पुन्हा बसला. दारं बोलतच होती. त्यांचं म्हणणं बाहेर पोचवणारं कुणी राहिलं नव्हतं.

तो निरोप्या आता टपाल तिकिटाएवढा झाला आहे. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी८२६६ ही चिप २०१४मध्ये आली, वायफायसकट आणि अगदी स्वस्तात. जुन्या पॅनेलमधल्या तारा अशा चिपच्या बोर्डावर घेतल्या, की प्रत्येक दाराची खबर घरातल्या छोट्या संगणकावर पोचते. तिथे पॉलस स्खाउटसन यांनी २०१३मध्ये सुरू केलेल्या ‘होम असिस्टंट’सारखी मुक्त प्रणाली ती ऐकते. पॅनेल धडधाकट असेल तर ते तसंच ठेवून, कीपॅडच्या तारांवरचं त्याचं बोलणं नुसतं ऐकणारे बोर्डही मिळतात.

आणि इथे गंमत होते. दार पूर्वीइतकंच बोलतं, पण ऐकणारा बदलला की त्या एका शब्दाचे अर्थ वाढतात. खिडकी उघडी राहिली, तर एसी बंद. मागचं दार संध्याकाळी उघडलं, तर अंगणातला दिवा चालू. एकट्या राहणाऱ्या आजींच्या स्वयंपाकघराचं दार सकाळी दहापर्यंत उघडलंच नाही, तर मुलाच्या फोनवर निरोप.

काही पथ्यं मात्र पाळावीत. चिप ३.३ व्होल्टवर जगते. १२ व्होल्टची तार थेट लावली तर ती जळेल, आणि भोंगा वाजवायला तिला रिले लागतो. वीज गेल्यावर पेटीची बॅटरी चिपला जागं ठेवेल, पण राउटर झोपला तर निरोप जाणार कुठून? त्यालाही बॅटरीचा आधार हवा. अनेक हौशी लोक सोय म्हणून टोकाचा रेझिस्टर काढून टाकतात आणि तारेचा तो तिसरा शब्द कायमचा गमावतात. धुराच्या सेन्सरांना हात लावू नये; आगीचा इशारा प्रमाणित पॅनेलकडेच राहू द्यावा.

एवढं सांभाळलं, की दिवसभर दिवे आणि एसी यांची खबर देणारी तार रात्री सगळे झोपल्यावर पुन्हा आपल्या मूळ कामावर रुजू होते. बॉस्टनच्या तारांसारखीच तीही दोन पाळ्या करते.