पडलेली विमाने कशी मोजायची?

आंब्याच्या झाडाखाली तीन मुले उभी आहेत. तिघांनी एकदमच दगड मारले आणि एक कैरी पडली. ‘माझ्याच दगडाने पडली’ असे तिघेही सांगतात. खोटे कोणीच बोलत नाही. पण आपण नुसत्या दाव्यांची बेरीज केली तर कैऱ्या तीन होतात.

15 सप्टेंबर 1940 रोजी लंडनवरच्या आकाशात असेच घडले. त्या दिवशी जर्मन बाँबफेकी विमानांनी लंडनवर दोन मोठे हल्ले केले. शत्रूची 185 विमाने पाडल्याचे ब्रिटिशांनी जाहीर केले. युद्ध संपल्यावर जर्मन दप्तरे हाती आली, तेव्हा आकडा साठाच्या आसपास निघाला. (जर्मन वैमानिकांचे दावेही असेच फुगलेले होते.)

त्या दिवशीचे एक डॉर्नियर विमान पाहू. ते आपल्या तुकडीच्या मागे पडले होते, आणि अनेक लढाऊ विमानांनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या. शेवटी रे होम्स या वैमानिकाचे हरिकेन त्याच्यावर आदळले आणि ते व्हिक्टोरिया स्टेशनवर कोसळले. ज्याने ज्याने गोळ्या झाडल्या व विमान खाली जाताना पाहिले, त्याला ते आपलेच वाटणार. ताशी चारशे-पाचशे किलोमीटर वेगाने जाताना, जीव मुठीत धरून, पुढे काय झाले ते पाहत थांबायला सवड कोणाला? आकाशात जितकी विमाने जास्त, तितकी ही दुबार मोजणी वाढते.

मग विश्वास कशावर ठेवायचा? आम्ही प्रयोगशाळेत जे करतो तेच येथेही करावे लागते. एकमेकांवर अवलंबून नसलेल्या नोंदी शोधायच्या आणि त्या जुळतात का ते पाहायचे.

पहिली नोंद जर्मन विमानदलाच्या पुरवठा खात्याची. प्रत्येक विमानाचा कारखान्यातील क्रमांक, नुकसानीची टक्केवारी आणि मृत, जखमी वा बेपत्ता माणसांची नावे तीत असत. 100 टक्के म्हणजे विमान गेलेच. आमच्या मते या कागदाचे मोल त्याच्या हेतूत आहे. तो वर्तमानपत्रासाठी नव्हता, नवी विमाने मागवण्यासाठी होता. नुकसान लपवले तर बदली विमान कसे मिळणार? अर्थात त्यातही चुका आहेत, काही नोंदी कित्येक दिवसांनी दुरुस्त झाल्या. दुसरी नोंद ब्रिटिशांची. त्यांचे तपासनीस अवशेषांवरील क्रमांकाच्या पट्ट्या वाचत आणि पकडलेल्या वैमानिकांची चौकशी करीत. जमिनीवरचा क्रमांक जर्मन यादीतल्या क्रमांकाशी जुळला, की एक विमान पक्के झाले.

विमान पक्के झाले तरी माणसे राहतातच. डॉर्नियरमध्ये साधारणपणे चार जण असत, हाइंकेलमध्ये पाच. प्रत्येक जर्मन सैनिकाच्या गळ्यात मधोमध छिद्रांची रेघ असलेला धातूचा बिल्ला असे. सैनिक मेला की अर्धा तुकडा प्रेताबरोबर राही व अर्धा नोंदणीसाठी काढून घेत. बर्लिनच्या ज्या कचेरीत या नोंदी ठेवल्या जात, ती 2019 मध्ये जर्मनीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात विलीन झाली. आजही नातेवाईक तेथे चौकशी करतात. पण विमान समुद्रात पडले तर बिल्लाही तेथेच जातो, आणि यादीत ‘बेपत्ता’ हा शब्द तसाच राहतो.

क्वचित समुद्र काही परत देतो. इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्याजवळील गुडविन सँड्स या वाळूच्या पट्ट्यातून 10 जून 2013 रोजी एक डॉर्नियर वर काढण्यात आले. सत्तर वर्षे खाऱ्या पाण्यात राहिलेले ॲल्युमिनियम हवेत आले की झपाट्याने गंजते, कारण धातूत मुरलेले क्लोराइड गंजण्याची क्रिया चालू ठेवते. म्हणून कॉसफर्डच्या संग्रहालयात त्यावर सायट्रिक आम्लाच्या सौम्य द्रावणाचे फवारे महिनोन्‌महिने मारले गेले. लिंबात असते तेच हे आम्ल. विद्यार्थ्यांना यातील रसायनशास्त्र जरूर दाखवावे.

जमिनीत रुतलेली विमाने मात्र सहज उकरता येत नाहीत. ब्रिटनमध्ये 1986 च्या कायद्याने त्यासाठी संरक्षण खात्याचा परवाना लागतो, आणि आत मानवी अवशेष असण्याची शक्यता असेल तर तो सहसा मिळत नाही. स्टॅफर्डशायरमधील कॅनक चेस येथे 1967 मध्ये खुल्या झालेल्या जर्मन दफनभूमीत सुमारे पाच हजार सैनिक पुरलेले आहेत. त्यांतल्या काही कबरींवर नाव नाही. आणि काही नावे अशी आहेत की त्यांना कबरच नाही. ती माणसे अजून आपल्या विमानाबरोबर शेताखाली नाहीतर समुद्रात आहेत.