वायुवाहिन्यांतील ‘बर्फा’वर संयुक्त रसायनांची मात्रा

खोल समुद्रातील विहिरींतून तेल आणि नैसर्गिक वायू किनाऱ्याकडे आणणाऱ्या वाहिन्यांना एका आगळ्या बर्फाचा धोका असतो. वायूसोबत आलेले पाणी उच्च दाबाखाली थंड झाले, की त्याच्या रेणूंचे पिंजरे बनतात आणि त्यांत मिथेनसारखे वायू अडकतात. हा घनपदार्थ म्हणजे हायड्रेट. तो शून्य अंशाच्या वरही गोठतो. ४ अंश सेल्सिअस तापमानाला शुद्ध मिथेनचे हायड्रेट तयार होण्यास वातावरणाच्या सुमारे ४० पट दाब पुरतो.

वायुवाहिन्या तुंबण्यामागे हायड्रेट असल्याचे अमेरिकेतील रसायनतज्ज्ञ हॅमरश्मिट यांनी १९३४ मध्ये दाखवून दिले. अशा अडथळ्याने उत्पादन थांबतेच, शिवाय जिवालाही धोका संभवतो. घाईने एकाच बाजूचा दाब उतरवल्यास सुटलेला गोळा प्रचंड वेगाने जाऊन वाहिनी फोडू शकतो. मेक्सिकोच्या आखातात २०१० मध्ये झालेल्या तेलगळतीच्या वेळी विहिरीवर उतरवलेला पोलादी घुमटही हायड्रेटमुळेच निकामी ठरला होता.

यावरील पारंपरिक उपाय म्हणजे मिथेनॉल किंवा ग्लायकॉल. ही द्रव्ये हायड्रेट तयार होण्याचे तापमान खाली आणतात. मात्र पाण्याच्या प्रमाणात त्यांची मात्रा बरीच मोठी लागते. मिथेनॉल विषारी व ज्वालाग्राही आहे, तर ग्लायकॉल शुद्ध करून पुन्हा वापरण्यासाठी मोठी यंत्रणा उभारावी लागते.

दुसऱ्या प्रकारची रसायने अल्प मात्रेत काम करतात. काही पॉलिमर स्फटिकांची निर्मिती व वाढ लांबवतात. काही पृष्ठक्रियाशील द्रव्ये स्फटिक बनू देतात, परंतु ते एकमेकांना चिकटू देत नाहीत. त्यामुळे ते तेलासोबत वाहून जातात. पॉलिमरचा प्रभाव काही काळच टिकतो आणि फार थंडीत तो अपुरा पडतो. चिकटण्यास रोखणाऱ्या द्रव्यांना तेलाची सोबत लागते. पाणी फार वाढल्यास त्यांची परिणामकारकता घटते.

म्हणूनच दोन्हींच्या मिश्रणाचा विचार पुढे आला. समजा, वाहिनीतील तापमान हायड्रेटच्या मर्यादेपेक्षा १५ अंशांनी खाली जाते. त्यातील ८ अंशांचा भार पॉलिमरने पेलला, तर ग्लायकॉलला उरलेल्या ७ अंशांचीच तजवीज करावी लागते. साहजिकच ग्लायकॉलची मात्रा आणि साठवणुकीचा खर्च घटतो.

मात्र सर्वच रसायनांचे परस्परांशी जुळत नाही. मिथेनॉलमुळे काही पॉलिमरांचा प्रभाव कमी झाल्याचे आढळले आहे. गंजरोधक द्रव्येही कधी बाधक ठरतात. त्यामुळे प्रत्यक्ष वायू, पाणी व तेल घेऊन प्रयोगशाळेत चाचणी केल्यावाचून मिश्रण वापरणे धोक्याचे असते. वाहिनी दीर्घकाळ बंद राहणार असल्यास केवळ पॉलिमरवर विसंबता येत नाही.

भारतालाही हा विषय जवळचा आहे. मुंबई हायचा समुद्र तुलनेने उथळ व उबदार आहे. कृष्णा-गोदावरी खोऱ्याच्या खोल समुद्रात मात्र तळ थंड असतो. तेथील केजी-डी६ क्षेत्रातून २००९ मध्ये वायूचे उत्पादन सुरू झाले, तर ओएनजीसीने आपल्या खोल समुद्रातील क्षेत्रातून जानेवारी २०२४ मध्ये तेल काढण्यास प्रारंभ केला. विहिरी जसजशा खोल पाण्यात जातील, तसतसे रसायनांच्या अचूक मात्रेचे महत्त्व वाढत जाईल.